बैठक

बेळगावच्या खडे बाजारातील एका कापडदुकानात माझ्या वडिलांनी ३४ वर्षे नोकरी केली, आणि ती सारी वर्षे त्यांनी बसून काढली. हे वाक्य लिहिताना थोडा संकोच वाटतो. बसून काढली म्हणजे आळसात काढली, असा अर्थ आपल्या भाषेत सहज निघतो. 'बसून खाणे' ही आपल्याकडे निंदा आहे आणि 'धंदा बसला' म्हणजे तो बुडाला. पण वडिलांचे बसणे हेच त्यांचे काम होते. ते कसे, हे मला फार उशिरा, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, बेंगळुरूच्या जे. पी. नगरातील एका मोठ्या दुकानात कळले. आणि तेही एका मुलीचे थोडे नुकसान करून कळले.

वडिलांचे दुकान म्हणजे रस्त्यापासून हातभर उंच असलेली एक लांबट खोली. चपला पायरीवर काढायच्या आणि आत यायचे. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, तिच्यावर पांढरी चादर, मागे तक्के. मालक सर्वांत आत, गल्ल्याच्या पेटीपाशी. त्यांच्या उजव्या हाताला खतावणी लिहिणारे दिवाणजी. दाराच्या बाजूला विक्री करणारे तिघे. त्यांत वडील मधले. गिऱ्हाईक येई तेही गादीवरच बसे. लग्नाचा बस्ता असला की अख्खे घर येऊन बसे आणि दुपारचा चहा दुकानात होई. वडील मांडी घालून ठाण उलगडत, दोन्ही हातांनी ते गुडघ्यापासून पुढे लोटत, आणि कापड पाण्यासारखे चादरीवर पसरत जाई. पुढे मीटर आला तरी आमच्या घरी त्या लोखंडी पट्टीला गजच म्हणत. फडताळातील वरचे ठाण काढायला ते उठत, काढून पुन्हा बसत. मालक, नोकर आणि गिऱ्हाईक अशी तीन वेगळ्या पायऱ्यांवरची माणसे त्या खोलीत एकाच उंचीवर असत.

या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचा मोह मी मुद्दाम आवरतो, कारण त्या गादीखाली काय होते तेही मी पाहिले आहे. सकाळी नऊला गेलेले वडील रात्री नऊला परतत. पगार थोडा, आणि तोही पुरता हाती येत नसे. कारण बहिणीच्या लग्नासाठी, आजीच्या आजारपणासाठी, माझ्या कॉलेजच्या फीसाठी घेतलेली उचल त्यातून वळती होई. मालक सज्जन होते. उचल मागताना त्यांनी कधी नाही म्हटले नाही. आणि पगार वाढवा म्हटल्यावर कधी होयही म्हटले नाही. दिवाळीला आम्हा भावंडांना दुकानातून एकाच ठाणाचे कापड येई, आणि गल्लीतील मुले आम्हाला त्यावरून ओळखत. पुढे वडिलांना मोतीबिंदू झाला. रंगांच्या छटा चुकू लागल्या. एका पाडव्याला मालकांनी त्यांच्या हातात नारळ आणि उपरणे दिले आणि "आता विश्रांती घ्या" म्हणाले. ३४ वर्षांचा हिशेब त्या नारळावर मिटला. उचलीतील उरलेली रक्कम मालकांनी सोडून दिली, याबद्दल वडील मरेपर्यंत त्यांचे उपकार मानत राहिले.

म्हणजे अन्याय तेव्हाही होता. पण तो करणारा माणूस समोर बसलेला असे, आणि ज्याच्यावर तो होई त्यालाही बसायला जागा असे.

मी स्वतः दुकानदारीत गेलो नाही. शाळेत मराठी शिकवले, निवृत्त झालो, आणि पत्नीच्या निधनानंतर मुलीकडे बेंगळुरूला आलो. तिचे घर जे. पी. नगरात आहे. या वस्तीचे टप्पे पहिल्यापासून नवव्यापर्यंत पसरलेले आहेत, आणि रिक्षावाला टप्प्याचा आकडा विचारल्याशिवाय मीटर पाडत नाही. दुसऱ्या टप्प्यात 'रंगशंकर' हे नाट्यगृह आहे. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर उमेदवारी करून कन्नड नाट्य-चित्रसृष्टीत गेलेल्या शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी ते उभे केले आणि २००४ मध्ये सुरू केले. तिथे अधूनमधून मराठी नाटक लागते, त्या दिवशी मला गावी गेल्यासारखे वाटते. सातव्या टप्प्यात पुट्टेनहळ्ळीचे तळे आहे, त्याच्या काठाने मी सकाळी फिरतो. २०१७ पासून मेट्रोचे स्थानकही झाले आहे. त्यावर नाव पूर्ण लिहिलेले आहे, म्हणून तरी जे. पी. म्हणजे जयप्रकाश हे नव्या पिढीला कळत असावे.

हे जयप्रकाश नारायण स्वातंत्र्याच्या सुमारास अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते, ही गोष्ट आणीबाणीच्या आठवणींत झाकली गेली. कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाची वस्ती. आणि तिच्या कोपऱ्याकोपऱ्यावर आता अशी दुकाने, ज्यांतील कामगारांना संघटना हा शब्दही ठाऊक नसावा. पण हा विचार मला त्या वेळी सुचलेला नव्हता. मी त्या दुकानाचे एक समाधानी गिऱ्हाईक होतो.

दुकानाचे नाव मी लिहीत नाही. एका मोठ्या साखळीचे ते एक दुकान आहे आणि साखळीतील कोणतीही दुसरी कडी तिच्यासारखीच असणार. तळघरात वाहने, तळमजल्यावर किराणा आणि भाजी, वर कपडे, त्याच्याही वर भांडी आणि चादरी. उन्हाळ्यात गारवा असतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला तिथले भाव सोयीचे पडतात, हे कबूल केले पाहिजे. रस्त्यापलीकडे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची, 'हॉपकॉम्स'ची, भाजीची टपरी आहे. ही संस्था १९५९ पासूनची. पण तिथे निवडायला कमी मिळते आणि गारवा नसतो, म्हणून मीही हळूहळू तिकडे जाईनासा झालो.

२०२४ च्या पावसाळ्यातील गोष्ट. भाजी वजन करून तिच्यावर चिठ्ठी चिकटवण्याच्या ठिकाणी मी पिशव्या घेऊन उभा होतो. काट्यामागे कोणी दिसेना. दोन मिनिटे गेली असतील. मग खालून एक मुलगी उठली. ती टोमॅटोची रिकामी पेटी पालथी घालून तिच्यावर बसली होती. "सॉरी सर" म्हणत तिने भराभर वजने केली. काही चुकले नाही, काही सांडले नाही. पण मला उभे राहावे लागले होते. ४० वर्षे वर्गात मुलांना "उभा राहा" म्हणून सांगितलेल्या माणसाला स्वतः उभे राहण्याचा राग फार लवकर येत असावा. बाहेर पडताना दाराशी एक पाटीएवढा संगणक होता; त्यावर पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. सेवा कशी वाटली, असा प्रश्न. एरवी मी त्याकडे पाहतही नसे. त्या दिवशी मी लाल चेहऱ्यावर बोट ठेवले आणि खालच्या रिकाम्या ओळीत इंग्रजीत लिहिले, की भाजीच्या काट्यावरील कर्मचारी गिऱ्हाईक उभे असताना बसून राहतात. व्याकरण बिनचूक होते.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी दाराबाहेर, पिशव्या सीलबंद करण्याच्या टेबलापाशी दिसली. तिथे छप्पर नावाला होते आणि पावसाचे शिंतोडे येत होते. मी मुलीला फोनवर मराठीत काही सांगत होतो, ते ऐकून ती म्हणाली, "काका, तुमी मराठी हाव का?" ती बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्याची निघाली. तो भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. बेळगाव त्याच वर्षी मुंबई राज्यातून इकडे आले. एकाच वर्षी एका नव्या घरात आलेल्या दोन सुनांसारखे आमचे दोन जिल्हे. तिच्या तोंडची उदगीरच्या वळणाची मराठी ऐकून मला बरे वाटले आणि मी मास्तरकीच्या सवयीने विचारले, आत होतीस, बाहेर कशी आलीस?

"बसले म्हनून तक्रार आली, काका. कॅमेऱ्यात बी दिसलं म्हनले. या महिन्याचं इन्सेंटिव्ह गेलं."

किती, असे मी विचारले. ५०० रुपये, ती म्हणाली. आणि माझ्या पिशवीला पट्टी लावून तिने ती माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. घरी येऊन भाज्या फ्रिजमध्ये ठेवल्या. मराठीचा शिक्षक म्हणून मी आयुष्यभर शब्द जपून वापरा असे शिकवले. आणि माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या सर्वांत परिणामकारक वाक्याने एका पोरीचे ५०० रुपये नेले होते.

नंतरच्या महिन्यांत ती मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. बापाची दोन एकर जमीन, तूर आणि सोयाबीन. बारावीनंतर सरकारी कौशल्ययोजनेतून तिने दुकानकामाचे प्रशिक्षण घेतले. त्यात कसे उभे राहावे, कसे हसावे, गिऱ्हाईकाच्या किती जवळ जावे हे शिकवले होते. अंगावरच्या गणवेशावर साखळीचे नाव, पण पगार देणारी वेगळीच एक ठेकेदार कंपनी; तिचे कार्यालय कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते. भविष्यनिर्वाह निधी आणि विमा कापून हातात १३ हजारांच्या आसपास. सारक्कीच्या बाजूला एका खोलीत चौघी राहत. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, त्यातून वाचलेले पैसे ती आईला पाठवी. दिवसाचे नऊ तास. त्यांत जेवणाचा अर्धा तास आणि चहाची दोनदा पंधरा मिनिटे. या एका तासात जेवढे बसणे होईल तेवढेच. बाकीचे आठ तास उभ्याने. सणाच्या दिवसांत दहा, अकरा. संध्याकाळी पाय सुजतात म्हणून तिने एक नंबर मोठे काळे बूट घेतले होते. सकाळी ते सैल होत, तेव्हा ती आत घडी केलेला कागद घाली आणि दुपारी काढून टाकी.

हा कागद माझ्या मनातून जाईना. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली, असे आपण कौतुकाने म्हणतो. भालकीला तिची आईही शेजारणींना असेच सांगत असेल.

वडिलांच्या दुकानात नोकर बसू शकत होता, कारण तिथे माल नोकराकडे असे आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे येई. नव्या दुकानात माल उघडा मांडलेला असतो आणि गिऱ्हाईक त्यातून हिंडते. विकण्याचे निम्मे काम गिऱ्हाईकच करते. मग नोकराने करायचे काय? रचायचे, उचलायचे, राखण करायची. आणि बाकीचा वेळ तयार दिसायचे. हे तयार दिसणे म्हणजेच उभे राहणे. त्यातून माल जास्त विकला जातो असे मला कधी दिसले नाही. गिऱ्हाईकाचा मान राखला जातो, असे म्हणतात. पण वडिलांनी कधी कुणाचा अपमान केला नव्हता, आणि ते बसलेले असत.

एमिल झोलाने १८८३ मध्ये पॅरिसच्या अशाच एका अवाढव्य दुकानावर कादंबरी लिहिली. मंदीच्या दिवसांत क्षुल्लक कारणे काढून नोकरांना कसे कमी करतात, हे तीत आहे. इंग्लंडात १८९९ मध्ये दुकानातील स्त्री-नोकरांना बसायला आसने द्यावीत असा स्वतंत्र कायदाच झाला: दर तिघींमागे एक आसन. तेही त्यांना लढून मिळवावे लागले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात, उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून सोय असावी, असे ४४ वे कलम होते. पण ते कारखान्यांसाठी. दुकान म्हणजे कारखाना नव्हे, आणि दुकानात तर सारे बसलेलेच असतात, असे कायदा करणाऱ्यांना वाटले असेल काय? १९४८ मध्ये खडे बाजारात किंवा मंगळदास मार्केटात पाहिले असते तर ते खरेच होते.

त्याच १९४८ मध्ये मुंबई राज्याने दुकाने व संस्थांचा नवा कायदा केला. त्याआधीचा १९३९ चा होता. कामाचे तास, आठवड्याची सुटी, रजा या गोष्टी दुकाननोकराला त्यातून मिळाल्या. लोक त्याला गुमास्ता कायदा म्हणू लागले, कारण तो गुमास्त्यासाठी होता. पुढे गंमत अशी झाली, की त्या कायद्याखाली दुकानाच्या नोंदणीचा जो कागद मिळे त्यालाच लोक 'गुमास्ता' म्हणू लागले. आजही मुंबई-पुण्यात दुकानदार 'गुमास्ता काढला' म्हणतो, तेव्हा त्याला नोकर अभिप्रेत नसतो. नोकराचे नाव मालकाच्या परवान्याला गेले आणि नोकर बिननावाचा राहिला. महाराष्ट्रात २०१७ मध्ये नवा कायदा आला. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांवरील बरीच बंधने गेली आणि दुकाने रात्रंदिवस उघडी ठेवता येऊ लागली. कर्नाटकानेही २०२१ च्या जानेवारीत दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांना तशी मुभा दिली.

आपल्या साहित्यातही हा गुमास्ता फारसा आलेला नाही. गिरणीकामगाराला अण्णा भाऊ साठे मिळाले, नारायण सुर्वे मिळाले. दुकानातील नोकर मात्र विनोदी कथेत एखादे वाक्य बोलून जातो. गिरणीत हजारो माणसे एका भोंग्यावर येत आणि एका भोंग्यावर जात; त्यांतून समूह होई, समूहातून संप, संपातून कविता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक मिटल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी दुकानांचे भव्य संकुल उभे राहिले. तिथेही आज माणसे पाळ्यांत येतात आणि जातात, पण भोंगा नाही. प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, प्रत्येकाची सुटी वेगळ्या वारी.

समूह होतच नाही असे मात्र नाही. केरळात कोझिकोडच्या मिठाई रस्त्यावरील दुकानांत काम करणाऱ्या बायकांना ना बसण्याची मुभा होती, ना जवळ स्वच्छतागृह. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्यांना एकत्र करून 'पेण्कूट्टु' ही संघटना उभी केली. पहिली मागणी होती स्वच्छतागृहाची, मग बसण्याची. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर २०१८ मध्ये केरळ सरकारने आपला दुकानांचा कायदा बदलला आणि बसण्याचा हक्क त्यात लिहिला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. त्या राज्यात वसंतबालन यांचा 'अंगाडि तेरु' हा चित्रपट २०१० मध्येच येऊन गेला होता, चेन्नईच्या टी. नगरातील रंगनाथन रस्त्यावरच्या कापडदुकानांतील मुलामुलींचे जगणे त्यात लोकांनी पाहिले होते. आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर ज्या चार श्रमसंहिता अमलात आल्या, त्यांतील सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत उभ्याने काम करावे लागणाऱ्यांसाठी बसण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. म्हणजे शब्द आता पुस्तकात आला आहे. पुस्तकातील शब्द पायापर्यंत पोचायला किती काळ लागतो, याचा अंदाज मला गुमास्त्याच्या गोष्टीवरून आहे.

त्या मुलीच्या खोलीतील दुसरी एक मुलगी बोम्मनहळ्ळीच्या बाजूला शिवणकारखान्यात काम करी. एकदा दोघी रस्त्यात भेटल्या तेव्हा ही हसत म्हणाली, "ही शिवती, मी घडी घालती." वरच्या मजल्यावरचे सदरे त्याच कारखान्यातून येत असतील असे नाही, पण बेंगळुरूच्या शिवणकारखान्यांतील कापड देशोदेशींच्या मोठ्या साखळ्यांत टांगले जाते हे खरे आहे. या कारखान्यांतील बहुतेक कामगार बायका आहेत. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर केंद्राने नवे निर्बंध घातले, तेव्हा याच बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. होसूर रस्त्याची वाहतूक थांबली, आणि दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, तो नियम मागे घेतला गेला. पण एप्रिल २०२० पासून किमान वेतनात महागाई भत्त्याची जी महिना सुमारे ४१७ रुपयांची वाढ व्हायची होती, ती पदरात पडायला त्यांतील असंख्य बायकांना जवळजवळ दोन वर्षे झगडावे लागले. ४१७ रुपये. मी ज्या सदऱ्याला स्वस्त म्हणून दोन घेतले, त्यातील एकाचीही किंमत त्याहून अधिक होती.

स्वस्ताई ही आकाशातून पडत नाही, हे मला अर्थशास्त्र न शिकताही कळायला हवे होते. आमच्या घरी दिवाळीला जे कापड येई ते वडिलांच्या न वाढलेल्या पगारातूनच कापलेले असे. तेव्हा मी ते अंगावर घालून मिरवत होतो. आताही तेच करीत होतो.

२०२५ च्या जानेवारीत मी धीर करून दुकानाच्या व्यवस्थापकाला भेटलो. भेटण्यापूर्वी त्या मुलीला सांगून टाकले, की ती तक्रार मी केली होती. मला वाटले होते की तिला राग येईल, किंवा वाईट वाटेल. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुमी नसतं लिवलं तर दुसऱ्यानं लिवलं असतं, काका." हे क्षमा करणे होते की मला इतरांच्या रांगेत बसवणे होते, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

व्यवस्थापक तिशीचा, हासनकडचा तरुण. माझे पत्र त्याने आदराने वाचले. काट्यापाशी, पैसे घेण्याच्या जागी आणि दाराबाहेर साधी उंच स्टुले ठेवावीत. गर्दी नसताना मुलामुलींना बसू द्यावे, एवढीच विनंती होती. तो म्हणाला, "सर, तुमचे म्हणणे योग्य आहे, पण हे वरून यावे लागते." वर म्हणजे कुठे, हे मी विचारले नाही. दुकानाची मांडणी, दिव्यांची उंची, गाण्यांचा आवाज, सारे वरून येते. २००१ मध्ये सुरू झालेल्या आणि घराघरांत पोचलेल्या 'बिग बझार'च्या अनेक दुकानांचा ताबा २०२२ मध्ये रिलायन्सकडे गेला, तेव्हा तिथल्या नोकरांनाही मालक बदलला हे वरूनच कळले असेल. वडिलांना मालकाकडे जायचे तर गादीवरून दोन हात पुढे सरकावे लागे. माझे बोलणे ऐकताना तो तरुण सारखा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता. त्याच्या खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मला बसवले होते. तोही सकाळपासून उभाच होता.

महिन्याभराने दुकानातून फोन आला, की आपल्या सूचनेची दखल घेतली आहे. मी उत्सुकतेने गेलो. पैसे देण्याच्या रांगेपाशी एक नवी, पाठ असलेली खुर्ची ठेवलेली होती. तिच्यावर कन्नड आणि इंग्रजीत पाटी होती: ज्येष्ठ नागरिकांसाठी.

कुणाची चूक झाली होती असे नाही. एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकाने बसण्याविषयी काही लिहिले, तेव्हा त्यालाच बसायचे असणार, हे कुणीही समजले असते. पत्र वर जाता जाता त्यातील मुले गळून गेली आणि मी तेवढा राहिलो.

ती मुलगी आता त्या दुकानात नाही. त्या उन्हाळ्यात तिने नोकरी सोडली आणि घरपोच सामान पाठवणाऱ्या एका गोदामात ती गेली. तिथे पाच रुपये अधिक मिळतात की पाचशे, ते तिने सांगितले नाही. उभे राहावे लागत नाही, पळावे लागते, एवढे म्हणाली. पण मला शेवटची आठवते ती त्या खुर्चीपाशी. फेब्रुवारीतील दुपार होती, दुकान रिकामे होते. तिला पुन्हा आत घेतले होते आणि ती पैसे घेण्याच्या जागी होती. मला पाहून ती पुढे आली, फडक्याने खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा, काका."

मी बसणार नव्हतो. पण गुडघे दुखत होते आणि तिने खुर्ची पुसली होती. मी बसलो. ती समोर उभी राहिली, हात मागे बांधून, शिकवल्याप्रमाणे. काहीतरी बोलायचे म्हणून मी तिला खडे बाजाराची गोष्ट सांगितली: गादी, पांढरी चादर, मांडी घालून ठाण उलगडणारे माझे वडील, शेजारी बसलेली गिऱ्हाइके. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग तिने खाली पाहून बुटात पाय जरा हलवला आणि खऱ्याखुऱ्या नवलाने विचारले,

"बसूनच इकायचे? मग दुकान कसं चालायचं, काका?"

"चालायचं," मी म्हणालो.